टॅबला पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क जोडताना

टॅबला पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही, की आधी पेनड्राइव्हला नावं ठेवली जातात, मग टॅबला. प्रत्यक्षात दोन्ही ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त असते. जोडणी जमायला तीन गोष्टी ओळीने व्हाव्या लागतात. टॅबला कळावं लागतं की इथे आपण होस्ट आहोत, म्हणजे समोरची वस्तू आपण चालवायची आहे. मग त्या वस्तूला पुरेल इतकी वीज त्याने द्यावी लागते. आणि मग त्या वस्तूवरचा फॉरमॅट, म्हणजे फाइल मांडून ठेवायची पद्धत, त्याला वाचता यावा लागतो. बिघाड शोधायचा तो याच क्रमाने. क्रम सोडून घाईने फॉरमॅट मारला, म्हणजे ड्राइव्ह पुसून नव्याने मांडला, तर आतलं सगळं जातं आणि मूळ अडचण तशीच राहते, म्हणून हे आधी सांगितलं.

इथे लिहिलेलं मुख्यतः अँड्रॉइड टॅबला लागू आहे. आयपॅडचं वेगळेपण शेवटाकडे आहे.

पोर्ट आणि ओटीजी

टॅबचं पोर्ट लंबगोल असेल आणि प्लग दोन्ही बाजूंनी जात असेल तर ते टाइप-सी. एकाच बाजूने जात असेल, वरची बाजू निमुळती असेल तर मायक्रो यूएसबी. कपाटात पडून असलेले बरेच जुने टॅब मायक्रो यूएसबीचे आहेत आणि अभ्यासाची व्याख्यानं बघायला ते अजूनही पुरतात.

मायक्रो यूएसबीच्या प्लगमध्ये पाच पिना असतात. पहिली ५ व्होल्टची, दुसरी-तिसरी डेटाची, पाचवी ग्राउंडची. चौथी आयडी पिन, आणि सगळा खेळ तिचा आहे. साध्या चार्जिंग केबलमध्ये ती कशालाच जोडलेली नसते. ओटीजी (ऑन-द-गो) केबलमध्ये, म्हणजे टॅबला होस्ट करणाऱ्या केबलमध्ये, ती पाचव्या पिनेला जोडलेली असते. हा जोड दिसला की टॅब होस्ट होतो आणि पहिल्या पिनेवर स्वतः ५ व्होल्ट सोडतो. म्हणूनच चार्जिंगची केबल आणि दोन्हीकडून फीमेल असलेला जोड लावून केलेला जुगाड कधीच चालत नाही. केबल ओटीजीची आहे का याची शंका असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब यूएसबी सॉकेटच्या ग्राउंडला लावा आणि दुसऱ्या प्रोबला बारीक सुई लावून ती चौथ्या पिनेला टेकवा. बीप आली तर केबल बरोबर आहे.

टाइप-सीमध्ये आयडी पिन नाही. तिचं काम सीसी नावाची पिन करते. 'टाइप-सी मेल टू यूएसबी फीमेल' ॲडॉप्टरच्या आत या पिनेपासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलोओहमचा एक रोधक (रेझिस्टर) असतो. टॅब तो ओळखतो आणि होस्ट होतो. अगदी स्वस्त ॲडॉप्टरमध्ये कधी हा रोधकच नसतो किंवा त्याचा टाका सुटलेला असतो. मग पेनड्राइव्हचा दिवासुद्धा लागत नाही, कारण टाइप-सी टॅब समोर काही जोडलंय हे कळल्याशिवाय ५ व्होल्ट सोडतच नाही.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत ॲडॉप्टर घेताना नुसतं 'टाइप-सीचा जोड द्या' म्हणू नका. तिथे दोन्ही प्रकार एकाच डब्यात पडलेले असतात. टॅबसाठी टाइप-सी मेल आणि मोठं यूएसबी फीमेल हवं. उलट असलेला, म्हणजे टाइप-सी फीमेल आणि मोठं यूएसबी मेल, संगणकासाठी असतो आणि टॅबला तो निरुपयोगी आहे. टॅब आणि पेनड्राइव्ह सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा, दुकानदार त्याला नाही म्हणत नाहीत. आकाराबद्दलही एक मत आहे: नखाएवढा धातूचा अखंड ॲडॉप्टर घेण्यापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर वायर असलेला घ्यावा. टॅब हातात धरून वापरताना कडक ॲडॉप्टर आणि त्यापुढचा पेनड्राइव्ह मिळून तरफेसारखं काम करतात आणि सगळा ताण पोर्टच्या टाक्यांवर येतो. पोर्ट हललं की त्याच टॅबचं चार्जिंगही गेलं.

आता सॉफ्टवेअर. अँड्रॉइडमध्ये होस्टची सोय २०११ साली ३.१ या आवृत्तीपासून आली, पण पेनड्राइव्ह सेटिंग्जमध्ये नीट दिसणं, त्यावर लिहिता येणं हे २०१५ च्या ६.० पासून सगळीकडे सरळ झालं. त्याआधीच्या टॅबवर चाललं तर ती त्या कंपनीने स्वतः घातलेली सोय समजा. ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो यांच्या बऱ्याच उपकरणांत ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसेल तर ते आपोआप बंदही होतं. काल चालत होतं, आज चालत नाही, असं झालं तर आधी तिथे बघा. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ओटीजी' लिहिलं की बटण सापडतं.

होस्टचं काम चालू आहे की नाही हे ठरवायला सगळ्यात सोपं साधन म्हणजे वायरचा माऊस. पेनड्राइव्ह काढा आणि त्याच ॲडॉप्टरवर माऊस लावा. स्क्रीनवर बाण आला तर पोर्ट, ॲडॉप्टर, सेटिंग सगळं बरोबर आहे आणि दोष पुढे, विजेत किंवा फॉरमॅटमध्ये आहे. माऊसचा लाल दिवा लागला पण बाण आला नाही तर वीज पोहोचतेय, डेटाच्या तारांत गडबड आहे. ॲडॉप्टर बदलून बघा. दिवाही लागला नाही तर आयडी किंवा सीसी पिन, ओटीजीचं बटण किंवा पोर्टमधला कचरा, यांपैकी एक. माऊस नेहमी चालतो आणि कोणताच पेनड्राइव्ह दिसत नाही, असं असेल आणि टॅब क्लासने किंवा संस्थेने दिलेला असेल, तर बाहेरचं स्टोरेज त्यांनी प्रशासकाच्या सेटिंगमधून बंद केलेलं असू शकतं. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये असे टॅब खूप दिसतात. ते कुलूप फॅक्टरी रीसेटने सहसा निघत नाही, उलट टॅबमधला अभ्यासक्रम जातो. ज्यांनी टॅब दिला त्यांनाच विचारावं.

वीज

हार्ड डिस्कच्या बाबतीत नव्वद टक्के रडगाणं इथलं असतं. यूएसबी २.० पोर्टकडून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळावेत असा नियम आहे, ३.० कडून ९००. पण हे संगणकाच्या पोर्टचं झालं. बॅटरीवर चालणारा टॅब त्याहून कमी देऊ शकतो, आणि बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली गेली की काही टॅब बाहेर वीज देणंच थांबवतात.

पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर यांची भूक कमी असते, ते जवळपास कुठल्याही टॅबवर चालतात. अडीच इंची हार्ड डिस्क, म्हणजे खिशात मावणारी, हे वेगळं प्रकरण आहे. तिच्या मागच्या लेबलवर ५ व्होल्टपुढे अँपिअरचा आकडा छापलेला असतो, तो बहुधा पाऊण ते एक अँपिअरच्या आसपास असतो. इतका प्रवाह तिला सतत लागत नाही. थांबलेली तबकडी फिरायला लागते त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत लागतो. टॅब तेवढा देऊ शकला नाही की व्होल्टेज खाली बसतं, डिस्क रीसेट होते, पुन्हा फिरायचा प्रयत्न करते, पुन्हा बसते. ऐकू काय येतं? बारीक 'टक्', अर्धवट घरघर, पुन्हा 'टक्', आणि त्या तालावर मिचमिचणारा दिवा. असा आवाज आला की लगेच डिस्क काढा. 'थोड्या वेळाने लागेल' म्हणून तशीच ठेवू नका, दर प्रयत्नाला डिस्कचं हेड विनाकारण आत-बाहेर करतं.

यावर उपाय पॉवर्ड हब. हब म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड, आणि पॉवर्ड म्हणजे भिंतीत लावायचा स्वतःचा ॲडॉप्टर असलेला. जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी हबचा ५ व्होल्ट, २ अँपिअर किंवा त्याहून मोठा ॲडॉप्टर भिंतीत लावा. मग हार्ड डिस्क हबला लावा आणि ती फिरून स्थिर होईपर्यंत पाच-सात सेकंद थांबा. मग हबची केबल ओटीजी ॲडॉप्टरमधून टॅबला लावा. टॅबला आता फक्त डेटा सांभाळायचा असतो. डिस्कची केबल आखूड ठेवा, एक फुटाच्या आत. लांब आणि बारीक केबलमध्येच व्होल्टेज गळतं आणि चांगला हब असूनही डिस्क अडखळते.

हब विकत घेतल्यावर एक तपासणी कराच. हबला फक्त भिंतीतला ॲडॉप्टर लावा, टॅबला काही जोडू नका. आता हबच्या ज्या प्लगने टॅबला जोडायचं, त्या प्लगच्या दोन टोकांच्या पिनांवर मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. शून्य किंवा शून्याजवळ हवं. तिथे ५ व्होल्ट दिसले तर हब वीज उलटी टॅबकडे ढकलतो आहे. टॅब स्वतः ५ व्होल्ट सोडत असताना समोरूनही ५ व्होल्ट येणं पोर्टच्या सर्किटला घातक आहे. असा हब परत करा.

हबऐवजी दोन प्लगांची वाय केबलही मिळते. एक प्लग ओटीजी ॲडॉप्टरमध्ये, दुसरा पॉवर बँकेत. अडीच इंची डिस्कला ती पुरते. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते तेव्हा हबलाही पॉवर बँक लावता येते, फक्त यूएसबी ते डीसी जॅक केबल घेताना जॅकचा आकार आणि धन-ऋण बाजू हबशी जुळवून घ्या. पॉवर बँकेची एक खोड माहीत असावी: प्रवाह फारच कमी ओढला गेला तर 'काही जोडलेलंच नाही' असं समजून ती बंद होते. नुसत्या पेनड्राइव्हसाठी हब पॉवर बँकेवर चालवला तर मध्येच जोडणी तुटते ती यामुळे. हार्ड डिस्क लावल्यावर हा त्रास होत नाही.

टेबलावर ठेवायची साडेतीन इंची डिस्क मोठी दिसते म्हणून लोक तिला घाबरतात. ती तर उलट सोपी. तिला १२ व्होल्टचा स्वतःचा ॲडॉप्टर असतो, टॅबवर विजेचा भार जवळपास शून्य. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कमध्ये, साध्या साटा प्रकारच्या बहुधा चालून जातात. एनव्हीएमई प्रकारच्या जास्त वीज ओढतात, तापतातही, त्या टॅबला थेट लावण्याआधी हबचा विचार करा.

कॉपी चालू असताना टॅब चार्ज करायचा असेल तर टाइप-सी टॅबला पीडी (पॉवर डिलिव्हरी) पोर्ट असलेला हब घ्या. चार्जर हबच्या पीडी पोर्टमध्ये जातो आणि तिथून टॅबला. चार्जर कॉपी सुरू होण्याआधी लावा आणि संपेपर्यंत काढू नका. चार्जर लावताना-काढताना वीज कोण कोणाला देणार याची नव्याने बोलणी होते आणि त्या क्षणी डिस्क सुटू शकते. मायक्रो यूएसबीच्या टॅबवर होस्ट आणि चार्जिंग एकाच वेळी होणं अपवादानेच जमतं. बॅटरी आधी भरून घ्या.

फॉरमॅट

माऊस चालतो, पेनड्राइव्हचा दिवा लागतो, आणि टॅब म्हणतो 'हे उपकरण समर्थित नाही, फॉरमॅट करा'. इथे हात थांबवा. टॅबला वाचता येत नाही म्हणजे पेनड्राइव्ह रिकामा आहे असं नाही. आधी संगणकाला लावा, त्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'फाइल सिस्टीम' समोर काय लिहिलंय ते वाचा.

फॅट३२ असेल तर सगळीकडे चालतं: टॅब, टीव्ही, गाडीतला स्टिरिओ. मर्यादा एकच, पण मोठी. एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, यापेक्षा मोठी असू शकत नाही. ५ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलात तर ६४ जीबीचा रिकामा पेनड्राइव्हही 'जागा नाही' किंवा 'फाइल फार मोठी' म्हणतो.

एक्सफॅटला ती मर्यादा नाही. मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला, पण त्याची तपशीलवार माहिती २०१९ मध्ये खुली केली आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, एक्सफॅट वाचणारा ड्रायव्हर आला. अँड्रॉइड लिनक्सवरच उभं असल्याने नव्या टॅबवर एक्सफॅट बहुधा चालतं. जुन्या टॅबवर कंपनीने परवाना घेतला असेल तरच. कॅमेऱ्याचं ३२ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड कारखान्यातूनच एक्सफॅटमध्ये येतं, म्हणून कॅमेऱ्यात चालणारं ६४ जीबीचं कार्ड जुन्या टॅबवर रीडरमधून उघडत नाही. कार्डात दोष नसतो.

एनटीएफएस हा विंडोजचा घरचा फॉरमॅट. अनेक टॅब तो ओळखतच नाहीत, काही फक्त वाचतात. लग्नाचं शूटिंग करणारे जो पेनड्राइव्ह देतात तो पुष्कळदा एनटीएफएसचा असतो, कारण सलग एडिट केलेली फिल्म १०-१२ जीबीची एकच फाइल असते आणि ती फॅट३२ वर बसत नाही. घरच्या मंडळींना टॅबवर फिल्म बघायची असेल तर सुरुवातीलाच 'एक्सफॅटमध्ये द्या' असं सांगा. आधीच एनटीएफएसमध्ये मिळाला असेल तर दोन वाटा आहेत. संगणकावर सगळं उतरवून पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून परत भरा, ही पक्की वाट. किंवा पॅरागॉन कंपनीचं एक्सफॅट-एनटीएफएस ॲप टॅबवर टाका, ते अशा ड्राइव्हमधल्या फाइल वाचून टॅबमध्ये उतरवायला मदत करतं.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवं क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टीममध्ये एक्सफॅट, अलोकेशन युनिट आहे तसंच, क्विक फॉरमॅट, स्टार्ट. काम अर्ध्या मिनिटाचं. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये हवा असेल तर विंडोजच्या या खिडकीत तो पर्याय सहसा येत नाही. त्यासाठी रुफस हे मोफत साधन वापरा, बूट सिलेक्शनमध्ये 'नॉन बूटेबल' निवडा आणि फॅट३२ घ्या. जुन्या टॅबसाठी पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा.

टॅबमधूनही फॉरमॅट करता येतं. आपल्याला चालेल तो प्रकार टॅब स्वतःच निवडतो, त्यामुळे नवा, रिकामा पेनड्राइव्ह असेल तर हेच बरं. मात्र 'पोर्टेबल' आणि 'टॅबचं अंतर्गत स्टोरेज' असे दोन पर्याय आले तर पोर्टेबलच घ्या. दुसऱ्या पर्यायात ड्राइव्ह त्या एका टॅबच्या किल्लीने एन्क्रिप्ट होतो आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडत नाही. टॅब बिघडला तर त्यातल्या फाइलही गेल्या.

फॉरमॅट बरोबर असूनही ड्राइव्ह दिसत नसेल तर पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हचे आतले विभाग, बघा. लिनक्स किंवा विंडोज टाकण्यासाठी बूटेबल केलेल्या पेनड्राइव्हची रचना बदललेली असते. संगणकावर डिस्क मॅनेजमेंट उघडा. एकाच पेनड्राइव्हचे दोन-तीन तुकडे दिसले तर सगळे काढून एकच नवं व्हॉल्यूम करा. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांमधून आलेल्या पेनड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं पासवर्डचं कुलूप, असू शकतं, विंडोजमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतं. टॅब तो उघडू शकत नाही. संगणकावर पासवर्ड देऊन हव्या त्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या.

फाइल घेताना, देताना

ड्राइव्ह लागला की वरच्या सूचनापट्टीत नाव येतं, त्यावर टिचकी मारली की फाइल दिसतात. टॅबसोबत आलेलं फाइल मॅनेजर गचाळ असेल तर 'फाइल्स बाय गूगल' घ्या. व्हीएलसीसारखं व्हिडिओचं ॲप पहिल्यांदा फोल्डर वापरायची परवानगी मागतं. तिथे पेनड्राइव्हचं सगळ्यात वरचं फोल्डर निवडा, नाहीतर आतले उपफोल्डर त्याला दिसत नाहीत.

वेगाच्या अपेक्षा बेताच्या ठेवा. पोर्टचा आकार टाइप-सी असला तरी स्वस्त टॅबमध्ये आत यूएसबी २.० च असतं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी. ३२ जीबीची व्याख्यानं ३५ एमबीच्या वेगाने पंधरा मिनिटांत टॅबमध्ये उतरतात. तीच टॅबमधून स्वस्त पेनड्राइव्हवर पाठवायची असतील आणि त्याचा लिहिण्याचा वेग ८ एमबी असेल, तर तासाहून जास्त लागतो. हजारो छोट्या फाइल असतील तर आणखी. फोटोंचं फोल्डर आधी झिप करून एकच फाइल पाठवली की बराच वेळ वाचतो. कॉपी चालू असताना स्क्रीन बंद होऊ देऊ नका. स्क्रीन गेली की काही टॅब बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतलं ॲप मारतात आणि फाइल अर्धी राहते.

मराठी नावांच्या फाइलबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. फॅट आणि एक्सफॅटमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरं आहे. टॅबच्या आतल्या स्टोरेजमध्ये ती २५५ बाइट आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' हा एकच शब्द अकरा चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा. त्यामुळे 'ज्ञानेश्वरी अध्याय बारावा निरूपण भाग पहिला' यापुढे वक्त्याचं नाव, गाव आणि तारीख अशी लांबण लावली की पंच्याऐंशी चिन्हांनंतर कोटा संपतो. पेनड्राइव्हवर ती फाइल व्यवस्थित दिसते, पण टॅबमध्ये कॉपी करताना नुसतं 'कॉपी होऊ शकली नाही' असं येतं. पेनड्राइव्हवरच नाव आखूड करा, फाइल सरळ जाते. तसंच टॅबमधून पेनड्राइव्हवर पाठवताना नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी कोलन, तारा (*) किंवा उभी रेघ असेल तर फॅट आणि एक्सफॅट ते नाव नाकारतात. व्याख्यानांच्या फाइलला वेळ घालायची असेल तर १०:३० ऐवजी १०-३० लिहा.

काम झालं की ओढून काढू नका. पट्टी शंभर टक्के झाली तरी शेवटचा काही भाग अजून टॅबच्या मेमरीत असू शकतो आणि तो ड्राइव्हवर मागाहून लिहिला जातो. सूचनापट्टीतलं किंवा सेटिंग्ज, स्टोरेजमधलं इजेक्ट दाबा आणि 'आता सुरक्षितपणे काढू शकता' येईपर्यंत थांबा. फॅट३२ आणि एक्सफॅट यांच्याकडे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवणारी वही नसते. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फाइलच कशाला, फाइलींची यादीच बिघडते, आणि पुढच्या वेळी पूर्ण ड्राइव्ह 'करप्ट' दिसतो.

तसं झालंच तर टॅब फॉरमॅट सुचवेल, त्याला नाही म्हणा. ड्राइव्ह विंडोजला लावा, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं जा आणि दुरुस्ती होऊ द्या. बहुतेक वेळा बहुतेक फाइल परत येतात. 'फाउंड' नावाचं फोल्डर तयार झालं तर त्यात सापडलेले तुकडे असतात.

खरेदी, पाऊस आणि आयपॅड

काहीशे रुपयांत १ किंवा २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर तो घेऊ नका. आत ८-१६ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपेपर्यंत तो अगदी व्यवस्थित चालतो, नंतर फाइलींची नावं दिसतात पण त्या उघडत नाहीत. कुठलाही नवा ड्राइव्ह वापरात घेण्याआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यूने, लिनक्सवर एफ३ ने, पूर्ण भरून आणि परत वाचून तपासा. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवा. बिल मागून घ्या, त्यावर क्षमता लिहून घ्या.

जून ते सप्टेंबर या दिवसांत टॅब दप्तरातून नेला असेल तर टाइप-सी पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना येते आणि पोर्ट काम थांबवतं. हा बिघाड नाही, पिनांमधून गळती होऊ नये म्हणून केलेली सोय आहे. पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा, तास-दोन तासांत सुटतं. हेअर ड्रायर लावू नका, फुंकरही मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. उन्हाळ्यातली अडचण धुळीची: पोर्टच्या तळाशी धूळ आणि कापडाचे धागे दाबून बसतात आणि प्लग पूर्ण आत जात नाही. टॅब बंद करून लाकडी दातकोरण्याने हळूच उकरून काढा. टाचणी किंवा सुई आत घालायची नाही.

आयपॅडवर २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये पेनड्राइव्ह दिसतो. ड्राइव्हवर डेटाचं एकच पार्टिशन हवं आणि फॉरमॅट एक्सफॅट, फॅट किंवा ॲपलचा स्वतःचा. संगणकासोबत वापरायचा तर एक्सफॅटच निवडा. टाइप-सी पोर्टच्या आयपॅडला वर सांगितलेला साधा ॲडॉप्टर चालतो. जुन्या लाइटनिंग पोर्टला ॲपलचा यूएसबी ३ कॅमेरा ॲडॉप्टर लागतो, त्यात चार्जर लावायची वेगळी खाच आहे आणि ती वापरावीच लागते, नाहीतर 'या उपकरणाला जास्त वीज लागते' असा संदेश येऊन काम थांबतं.

चुकून फॉरमॅट झालाच आणि आत हव्या असलेल्या गोष्टी होत्या, तर त्या ड्राइव्हवर त्यानंतर एकही फाइल टाकू नका. क्विक फॉरमॅटने यादी पुसली जाते, मजकूर तिथेच असतो, नवं काही लिहिलं की तो झाकला जातो. संगणकावर फोटोरेक हे मोफत साधन उतरवा, त्याला तो ड्राइव्ह दाखवा आणि सापडलेलं साठवायला संगणकाची डिस्क द्या, तोच ड्राइव्ह नाही. फाइलींची नावं परत येत नाहीत, फोटो आणि व्हिडिओ क्रमांकांच्या नावाने मिळतात, ते एकेक उघडून ओळखावे लागतात.